मारलं

साक्षीच्या पिंजऱ्यात शिवणकाम करणारी बाई उभी होती, समोर आरोपी म्हणून तिचा नवरा. वकिलाचा इंग्रजी प्रश्न दुभाष्याने समजावला. "नवऱ्याने त्याच्या भावाला मारलं?" "मारलं. पण भावजी नंतर..." "विचारलं तेवढंच सांगा," दुभाष्याने तिला तोडलं. पुढचं सगळं इंग्रजीत झालं, जबानीवर तिने सही केली. बाहेर दुभाषा म्हणाला, "धीराच्या आहात बाई. नवऱ्यानेच जीव घेतला, असं कोण सांगतं?" तिने त्याला अडवलं. "अहो, मारलं म्हणजे थप्पड मारली म्हणाले मी. भावजी नंतर जिन्यावरून पडून वारले." तो चपापला. "आता सही झाली," एवढंच पुटपुटला. ती आत धावली, न्यायाधीशांपुढे हात जोडून तेच सांगत राहिली. त्यांना तिची भाषा कळेना. त्यांनी दुभाष्याला विचारलं. खाली मान घालून तो इंग्रजीत एकच वाक्य बोलला, मग तिच्याकडे वळला. "साहेब म्हणतात, थोडं पाणी प्या."