पक्कं बसवणारा

आमचे हे लालबागच्या गिरणीत बारा वर्षं बदली कामगारच राहिले, आणि संपात तेही गेलं. म्हणून नातीला कायम नोकरीचाच मुलगा हवा, हा माझा हट्ट.

बघायला आलेला मुलगा पोहे खात ऐटीत म्हणाला, "आजी, मोठ्या कॉम्प्युटरला दोन-दोन सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागा, असतात. काम या सॉकेटवरून त्या सॉकेटवर पळत राहिलं की मशीन मंदावतं. म्हणून मी प्रत्येक कामाला एका जागी पक्कं बसवतो, हलूच देत नाही."

मी खूश. विचारलं, "आणि तुझी नोकरी कायम ना रे बाबा?"

"कायम कुठली आजी! एजन्सी दर तीन महिन्यांनी नव्या ऑफिसात हलवते."



मी आत हाक दिली, "चहा राहू दे गं, पाहुणे बसणारे नाहीत!"