चोरटीची टेकडी

अनुजाने घमेल्यातली माती पाण्यात कालवली, गढूळ पाणी ओतून दिलं, पुन्हा नवं घेतलं. चौथ्या पाण्याला तळाशी लखलखणारा चुरा उरला.

"अभ्रक!" ती खूश होऊन म्हणाली. "मामा, टाकून दिलेला हा अख्खा ढीग कामाचा आहे. रंगाच्या कारखान्यांना लागतं हे."

गणपतराव म्हणजे या बंद पडलेल्या पांढऱ्या मातीच्या खाणीचे जुने मुकादम. कुठला ढीग कशाचा, हे दाखवायला कोल्हापूरहून आलेल्या या शिकल्यासवरल्या पोरीने त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्यामुळे सकाळपासून स्वारी जरा फुगलेलीच होती.

"ती वाळू असंल," ते म्हणाले. "वजन वाढवायला बाया पाटीत घालायच्या."

"छे हो! कुणी घातलेलं नाही हे. माती आणि अभ्रक एकाच दगडातून झालेत. हा ढीग खाणीच्या ज्या कोपऱ्यातला, तिथे असंच निघणार. खणणाऱ्याचा काय दोष?"

त्या कोपऱ्यात धोंडुबाई खणायची. तिची पाटी चकाकली की गणपतराव सगळ्यांदेखत ओरडायचे, "चोरटे! घातलीस व्हय वाळू?" आणि भरली पाटी तिलाच इथं वर आणून ओतायला लावायचे. "न्हाय घातली, मुकादम," ती म्हणायची. दोन वर्षं म्हणत होती. मग म्हणायची थांबली आणि मुकाट्याने पाटी उचलायला लागली.

मुरगूडच्या बाजाराला निघालेली तीच धोंडुबाई टेकडीखालच्या वाटेवर थांबली होती. केव्हापासून ऐकत होती, कुणास ठाऊक.

अनुजाने चुरा पिशवीत भरला आणि चिठ्ठी काढली. "मामा, या ढिगाला गावात काय म्हणतात? नाव लिहायचंय."

नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गणपतरावांचे कान लाजेने तापले. वर बघायची सोय राहिली नव्हती.

"नाव... तसं काय न्हाय."

"हाय की," खालून धोंडुबाई म्हणाली. "चोरटीची टेकडी. माझी सून बी पावण्यांस्नी ह्याच नावानं वाट सांगती. चोरटी कोण, तिला काय ठावं!"

"धोंडुबाईची टेकडी लिव्हा," गणपतराव घाईघाईने म्हणाले. "आजपासनं तसंच म्हणायचं."

"नगं, पोरी. हाय त्येच लिव्ह," धोंडुबाईने बाजाराची पिशवी खांद्याला लावली. "निस्तं कुणी ठिवलं, त्ये बी लिव्ह."

अनुजाने पेन थांबवून दोघांकडे पाहिलं. "कुणी ठेवलं?"

"मी," गणपतराव म्हणाले.

"काय? ऐकू नाही आलं, मामा."

एके काळी या माणसाची हाक खाणीच्या पार तळापर्यंत जायची. तो एवढासा शब्द त्यांना दोनदा सांगावा लागला.