ओळखीचा घाट

अमेरिकेतल्या स्मोकी माउंटनच्या घाटात शैला जीव मुठीत धरून बसली होती. उजव्या खिडकीखाली थेट दरी होती आणि गाडी चालवत होते प्रतापच्या ऑफिसातले साकाई, गेल्याच महिन्यात जपानहून आलेले. तिथेही आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवतात, म्हणून प्रत्येक वळणावर ते स्वतःलाच बजावत होते, "राइट, राइट."

"डोळे मीट, म्हणजे दरी दिसणार नाही," प्रताप पुढच्या सीटवरून नवऱ्याच्या थाटात म्हणाला.

वाटेत थांबून सगळ्यांनी थर्मासमधला चहा घेतला. हे डोंगर अगदी आमच्या नागानोसारखे आहेत, असं साकाईंची बायको म्हणाली. गाडी पुन्हा निघाली, प्रतापने कॅसेट लावली आणि शैलाचा जीव भांड्यात पडला. दरी जरा लांब सरकली होती. साकाईंचं पुटपुटणंही थांबलं होतं. घाट कसा लहानपणीच्या घाटासारखा वाटत होता.

मिशिगनमध्ये जन्मलेल्या मीनलने मात्र आईचा दंड घट्ट धरला.

"मॉम, आय ॲम स्केअर्ड."

"आता गं कसली भीती? आत्ता कुठे मला बरं वाटतंय."

पुढच्या वळणामागे ट्रकचा हॉर्न वाजला.

"मॉम, वी आर ऑन द राँग साइड."