घराचं उत्तर

आबाजींनी रिमोट मांडीवर घेतला. त्याला अजून दुकानातली प्लास्टिकची पिशवी होती, वरून रबर.

"करा सुरू पोरी," ते म्हणाले, "तुमचं ते बटनाचं नाटक."

अंजलीनं लॅपटॉप बॉक्सला जोडला. चिंचवडच्या ज्या कंपनीत ती होती, ती सेट-टॉप बॉक्ससाठी मालिका बनवायची. गोष्ट ऐन वेळी थांबायची, पडद्यावर प्रश्न यायचा आणि पुढं काय व्हावं ते बघणाऱ्यांनी रिमोटचं रंगीत बटन दाबून सांगायचं. केबलवाल्यानं चाकणजवळची काही घरं चाचणीसाठी दिली होती, त्यातलं हे एक. जमीन विकून बांधलेला बंगला, दारात दोन गाड्या. सोफ्यावर आबाजी एकटेच, आणि त्यांची धाकटी बहीण गोजाबाई खाली चटईवर घेवडा निवडत.

गोजाबाई कालच माहेरी आली होती. आली कसली, आणली होती. उद्या खेडच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर तिची सही व्हायची होती. हे आबाजींनी चहा यायच्या आत स्वतःच सांगून टाकलं, पाऊसपाणी सांगावं तसं. "रोडच्या कडंची जमीन गेली म्हना आता कंपनीला. थोरल्या बहिनीची सही झाली, हिची तेवडी ऱ्हायली."

अंजलीला हे नवं नव्हतं. या पट्ट्यात घराघरांतून हा कागद फिरतोय म्हणूनच तर तिनं मालिकेचा हा भाग लिहिला होता.

पडद्यावर जयमाला नावाच्या बाईपुढे तिच्या भावानं कागद सरकवला. "ताई, तुला साडी घेऊन ठेवलीय," भाऊ म्हणाला. चित्र थांबलं. प्रश्न आला. जयमाला सही करील का? करील: लाल. करणार नाही: हिरवं.

गोजाबाई अक्षरं जुळवत वाचत होती. तिचे ओठ 'सही'वर पोचले तोवर आबाजींनी लाल दाबलंसुद्धा.

जयमालानं सही केली. सनई वाजली.

"बगा, झालं का न्हाई गोड?" आबाजी म्हणाले.

अंजलीचा मोबाइल थरथरला. टीम लीडर सिद्धेशचा मेसेज. 'दहातल्या नऊ घरांनी लाल दाबलंय. बायकांची मालिका आहे आणि बायकांनाच तुझं हिरवं नकोय गं. सही न करण्याचा तो भाग शूट करायचा नाही, कापतोय. मनाला लावून घेऊ नकोस.'

बायकांनाच. मालिका बघते ती बाई, म्हणजे बटन दाबते तीही बाई, असं ऑफिसातल्या शहाण्यांनी एसीत बसून ठरवून टाकलं होतं. रिमोट कुणाच्या मांडीवर असतो ते बघायला एकही जण कुणाच्या घरी गेला नव्हता. अंजलीलाही ते सुचलं नव्हतं. पिंपरीत तिच्या घरी रिमोट आईकडे असायचा. वडील शिफ्ट करून आले की विचारायचे, "बातम्या लावू का गं थोड्या?" तिला वाटायचं, सगळीकडं असंच असतं.

"आजी, तुम्ही कुठलं दाबलं असतं?"

"तिला काय इचारता? तिला बटनातलं काय कळतंय!"

"रंग कळत्यात की मला, दादा," गोजाबाई शेंगेची शीर ओढत म्हणाली.

"रंग कळत्यात म्हनं!" आबाजी हसले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. जमिनीचा एजंट होता. आत त्यांना आवाज नीट येईना. रिमोट सोफ्यावर टाकून ते बोलत बोलत अंगणात गेले.

अंजलीनं लॅपटॉपवरून गोष्ट मागं नेली. पुन्हा तोच कागद, तोच प्रश्न. तिनं रबर काढलं, पिशवी काढली आणि रिमोट गोजाबाईपुढे धरला.

गोजाबाईनं हात पदराला पुसले. रिमोट दोन्ही हातांत घेतला. हिरवं तिला लगेच सापडलं. तिनं दाबलं.

पडद्याच्या खालच्या अंगाला अक्षरं उमटली. *तुमच्या घराचं उत्तर आधीच नोंदवलं आहे. धन्यवाद.*

तिनं पुन्हा दाबलं. तेच.

"पोरं खेळ करतात म्हणून एका बॉक्सला एकच उत्तर ठेवलंय, आजी," अंजली हळू आवाजात म्हणाली. ते वाक्य तिनंच लिहिलं होतं, धन्यवादासकट. "थांबा, मी पुसते ते. पुन्हा दाबा."

"नगं. ऱ्हाऊ दे." गोजाबाई अजून वाचत होती. "घराचं उत्तर. व्हय, घराचं तर कवाच झालंय."

तिनं रिमोट पिशवीत घातला, रबर लावलं, होता तिथं ठेवला. परत घेवडा पुढ्यात ओढला. अंजलीनं सिद्धेशला लिहिलं, 'हिरवं कापायचं नाही. बायकांना आपण अजून विचारलेलंच नाही.'

आबाजी खुशीत आत आले. "गोजा, सकाळी लवकर आवर. एजंटाची गाडी येती."

"आवरते की," गोजाबाई म्हणाली. आवाज घेवडा निवडतानाचाच. "थोरल्या आक्काच्या टायमाला म्या बगितलंय, दादा. तितला सायेब इचारतो, राजीखुशीनं करतीस का बाई? मलाच इचारील त्यो. तुला न्हाई."

शेंगा टोपलीत पडत राहिल्या.

आबाजी सोफ्यावर बसले. सवयीनं त्यांनी रिमोट उचलला. पडद्यावर जयमाला कागदापुढे तशीच बसली होती. त्यांनी लाल दाबलं. खाली तीच अक्षरं उमटली. मग अंगठा रुतवून दाबलं. पिशवी करकरली.

जयमाला सही करीना.