इराणी पणजोबा

डीएनएचा रिपोर्ट आला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. धाकट्या बहिणीच्या थुंकीत चार टक्के इराण निघालं, माझ्या थुंकीत शून्य!

"आजी, जगभरच्या लोकांशी ताडून काढलेला अंदाज असतो तो. सख्ख्या बहिणींनाही वेगवेगळा वाटा येतो," नात म्हणाली.

अगं, पण आमचा इराणी घोडेवाला पणजोबा मी रचलाय! चाळीस वर्षं ही वच्छी मला थापाडी म्हणत आली, आणि वाटा हिला?

भिशीत तिनं रिपोर्ट मिरवत माझीच थाप सुरू केली. "आमचे पणजोबा घोडे घेऊन बंदरात उतरले..."

"मग परत का नाही गेले?" कुणीतरी विचारलं.

वच्छी हळूच माझ्या कानाशी आली. "ताई, का गं नाही गेले?"

मी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "तुझ्यात आहेत ना ते? मग विचार त्यांनाच."