दोन आठवडे

“सहा आठवडे पूर्ण,” डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. “हे बघा, ठोके दिसतायत.”

सासूबाईंना ठोके दिसलेच नाहीत. त्यांची बोटं केव्हाच मोजायला लागली होती. लग्नाला आज चार आठवडे. मुलगा जहाजावरून उतरला तोच मुळी लग्नाच्या आदल्या दिवशी. म्हणजे ही नवी सूनसुद्धा तसलीच! नशिबानं थट्टा मांडावी तरी किती, असं त्यांना झालं.

पहिल्या सुनेचा हिशेबही त्यांनीच धरला होता. मुलगा घरी येऊन आठ आठवडे झाले होते. तिला तपासायला घेऊन तोच गेला होता. आल्यावर म्हणाला, “दहा आठवडे म्हणतायत.” बास, पुढे एक शब्द नाही. सासूबाईंच्या जिभेला एरवीही हाड नव्हतं. त्या दिवशी तर तोंडाचा पट्टा थांबेचना. वरचे दोन आठवडे कोणाचे, एवढंच त्या पुन्हापुन्हा विचारत होत्या. सून आधी हसली, मग रडली, मग तिनं पाय धरले. डॉक्टरांना विचारा म्हणाली, तर आकडा डॉक्टरांचाच आहे म्हणून तिला गप्प केलं.

“आई, ते नव्हते तेव्हा मी रोज तुमच्याच शेजारी झोपत होते,” ती शेवटी म्हणाली.

ते खरं होतं. पण खऱ्याला तेव्हा विचारतो कोण? मुलगा खिडकीपाशी पाठ करून उभा होता. बिचाऱ्याला शब्द फुटत नाही, हे बघून सासूबाईंना आणखीच चेव आला. तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं आणि जाताना लेकीच्याच थोबाडीत मारली. मूल ठेवायचं नाही असं ठरलं, म्हणजे सासूबाईंनी ठरवलं. त्याच आठवड्यात तिचं पोट रिकामं झालं आणि पाठोपाठ कपाटही.

आता नवी सून आत कपडे सारखे करत होती, तेवढ्यात सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेतलं आणि लग्नाची तारीख सांगितली. डॉक्टरीणबाई हसल्या. हे सगळ्याच सासवा विचारतात, म्हणाल्या. मोजणी शेवटच्या पाळीपासून धरायची असते. गर्भ राहतो त्यानंतर दोनेक आठवड्यांनी.

“पहिले दोन आठवडे पोटात कोणीच नसतं, काकू.”

“सगळ्यांच्याच?”

“सगळ्यांच्याच.”

सासूबाईंच्या काळी पाळी चुकली की महिने मोजत. आठवडे कोणाला ठाऊक होते? त्या बाहेर आल्या. भिंतीवर बाळाच्या वाढीचा तक्ता होता, दर आठवड्याचं एक चित्र. सहाव्यात नुसता एक ठिपका, त्यात धडधडणारं काळीज. दहाव्यापाशी त्यांचे पाय थांबले. शेपटी गेलेली. कोपर वाकलेलं. जुळलेली बोटं सुटी झालेली. त्यांनी ती बोटं मोजली. पाच होती. दुसऱ्या हाताचीही मोजली.

“आई, काय बघताय?” सुनेनं विचारलं. त्या तिचा हात धरून दाराकडे निघाल्या.

घरी मुलगा बॅग भरत होता. उद्या जहाजावर निघायचं होतं. सून स्वयंपाकघरात गेली तशी सासूबाई त्याच्या पलंगावर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात म्हणे. आपण तर चोर नसतानाच दिली, म्हणाल्या. निष्पाप पोरीला घालवलं, तुझं लेकरू मी माझ्या तोंडानं मारलं, तिच्या दारात जाऊन नाक घासते, म्हणाल्या.

मुलानं उठून दार लोटलं. बॅगेची चेन ओढली.

“रडू नकोस,” तो म्हणाला. “मला तेव्हाच माहीत होतं. ती आत कपडे सारखे करत होती, तेव्हा डॉक्टरांनी तिथेच समजावून सांगितलं होतं मला.”

“मग तू बोलला का नाहीस?”

त्यानं क्षणभर खरोखर विचार केला.

“मला ती नकोच होती, आई. कसं सांगावं ते सुचत नव्हतं. आणि तू इतकं छान बोलत होतीस.”