पॅरिसची ओवाळणी

पॅरिसमधल्या त्या टेकडीच्या पायऱ्यांवर धागेवाल्याचा धंदा ठरलेला होता: आल्यागेल्या पाहुण्याच्या मनगटाला रंगीत धागा बांधायचा, गाठ सुटणार नाही अशी मारायची आणि दहा युरो उकळायचे. रत्नागिरीहून निघाल्यापासून सुजय आईला बजावत होता, "पैसे चोरकप्प्यात ठेव आणि कोणी हात धरला तर खेचून घे." तरी धागेवाल्याने यमुनाबाईंचा हात धरलाच, आणि त्यांनी तो निवांतपणे धरू दिला.

गाठ बसली. "टेन युरो," तो म्हणाला.

"मेल्या, राखी बहिणीने बांधायची असते!" यमुनाबाईंनी त्याच्याच जुडीतला लाल धागा ओढून त्याच्या मनगटाला बांधला, पर्समधली आंबावडी त्याच्या तोंडात कोंबली आणि हात पुढे केला. "घाल आता ओवाळणी."

सुजयने कपाळाला हात लावत सगळं इंग्रजीत समजावलं. धागेवाला आधी गोंधळला, मग पोट धरून हसला. त्याने एक युरो बहिणीच्या हातावर ठेवला आणि तिने मागितला म्हणून पत्ताही लिहून दिला.

श्रावणात रत्नागिरीच्या पोस्टात राखीचं पाकीट गेलं. पैसे सुजयने भरले, ते त्या युरोच्या कितीतरी पट झाले.

"आणि पत्ता खोटा असला तर?" तो कुरकुरला.

"तर राखी परत येईल," युरो चोरकप्प्यात सरकवत यमुनाबाई म्हणाल्या. "मग पुढच्या वर्षी जाऊनच बांधावी लागणार. तिकिटं तूच काढशील ना रे?"